ताणलेल्या पडद्यावरच्या सुरकुत्या

पृष्ठभाग मोठा हवा आणि वजन मात्र वाढायला नको, ही अंतराळयान बांधणाऱ्यांची जुनी अडचण आहे. रॉकेटच्या टोकात जागा थोडी असते आणि कक्षेत नेलेला प्रत्येक किलो महाग पडतो. यावरचा सर्वांत हलका उपाय म्हणजे पॉलिइमाइडची किंवा पॉलिएस्टरची, काही मायक्रोमीटर जाडीची आणि अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेली फिल्म. घड्या घालून ती लहानशा पेटीत बसते आणि कक्षेत पोहोचल्यावर दहापट, शंभरपट क्षेत्रफळावर पसरते. सूर्यप्रकाशाच्या दाबावर चालणारी सौरशिडे, दुर्बिणींना उन्हापासून वाचवणारे पडदे, रेडिओ अँटेना, सौरघट वाहून नेणारे पडदे असे बरेच काही या फिल्मपासून बनते. मात्र पडदा उघडला की त्यावर सुरकुत्या येतात. सुरकुत्यांमुळे प्रकाश भलत्या दिशेला परततो, उष्णता एका जागी साठते, अँटेनाचा झोत विस्कटतो आणि यान हळूहळू फिरू लागते. त्या कुठे येतील, किती उंच होतील आणि किती कमी करता येतील, हा गेली सहा दशके चिकाटीने अभ्यासला गेलेला विषय आहे.

सुरकुतीचे मूळ कारण फिल्मच्या पातळपणात आहे. पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी निम्मी केली तर हा विरोध आठपट कमी होतो आणि एक दशांश केली तर हजारपट. त्यामुळे 5 किंवा 10 मायक्रोमीटर जाडीची फिल्म ओढ उत्तम सहन करते, पण दोन बाजूंनी जराशी दाबली गेली की लगेच वाकते आणि लाटा उठवून तो दाब टाळते. सुरकुती म्हणजे दाब टाळण्याची फिल्मची रीत.

पडदा तर चहूबाजूंनी ओढलेला असतो, मग दाब येतो कुठून, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. दोघांनी चादरीची चार टोके धरून ताणली की टोकांपासून आत जाणाऱ्या तिरक्या चुण्या उठतात. अंतराळातल्या चौकोनी पडद्यावर घडते तेच. कोपऱ्यावर लावलेली ओढ त्या बिंदूपासून किरणांसारखी आत पसरते आणि ओढीला काटकोनात असलेल्या दिशेने फिल्म आक्रसते. कॅप्टॉन या पॉलिइमाइड फिल्मला एका दिशेने जितके लांबवावे, त्याच्या साधारण एक तृतीयांश ती आडव्या दिशेने आखडते. आखडायला मोकळीक नसेल किंवा शेजारचा भाग वेगळ्या प्रमाणात ओढला गेला असेल, तर मधल्या पट्ट्यात आडवा दाब तयार होतो. यानाची चौकट किंचित तिरकी झाली, एक दांडा दुसऱ्याहून काही मिलिमीटर लांब उघडला किंवा उन्हातली बाजू तापून सावलीतली थंड राहिली, तरी परिणाम हाच. शिवाय फिल्मचे तुकडे चिकटवून केलेल्या सांध्यांवर जाडी दुप्पट होते आणि तिथली ओढ शेजारच्या भागाशी जुळत नाही.

या सुरकुत्यांहून वेगळ्या असतात त्या घडीच्या मोडी. सुरकुती ताणाबरोबर येते आणि ताण बदलला की जाते किंवा जागा बदलते. मोड मात्र फिल्म घट्ट दुमडल्यामुळे पडलेली कायमची खूण असते. तिथला पदार्थ आपली लवचिक मर्यादा ओलांडून गेलेला असतो. मोडी असलेला पडदा सुरुवातीला ओढीला फारच सहज लांबतो, कारण फिल्म ताणली जाण्याआधी मोडी उलगडत असतात. त्या पूर्ण सपाट करण्याइतका ताण बहुतेक अंतराळ पडद्यांना परवडत नाही.

सुरकुत्यांचे गणित विमानांपासून सुरू झाले. 1929 मध्ये ऑस्ट्रियन अभियंता हर्बर्ट वाग्नर याने दाखवून दिले की विमानाच्या तुळईतला पातळ धातूचा पत्रा तिरक्या लाटांनी सुरकुतला तरी निकामी होत नाही. लाटांच्या लांबीच्या दिशेने तो ओढ वाहत राहतो आणि तुळई भार पेलते. यातून ताण-क्षेत्राचा सिद्धांत उभा राहिला. त्यात फिल्मला वाकण्याचा विरोध शून्य आहे आणि ती दाब मुळीच घेत नाही असे धरतात. मग पडद्यावरच्या कोणत्याही जागेची स्थिती तीनपैकी एक असते: दोन्ही दिशांनी ताठ, एका दिशेने ताठ आणि दुसऱ्या दिशेने सुरकुतलेली, किंवा पूर्ण सैल. 1961 मध्ये नासाच्या मॅन्युएल स्टाइन आणि जॉन हेजपेथ यांनी काही भाग ताठ आणि काही भाग सुरकुतलेला अशा पडद्यांचे विश्लेषण मांडले. फुगवून उभारायच्या रचनांचा विचार तेव्हा अमेरिकेत जोरात होता आणि हे काम त्या गरजेला धरूनच आले.

या सिद्धांतातून सुरकुत्या कुठे आणि कोणत्या दिशेने येतील ते कळते. त्या किती आणि केवढ्या उंच असतील हे कळत नाही, कारण ते ठरवणारा वाकण्याचा विरोध, तो कितीही क्षुल्लक असला तरी, गणितातून वगळलेला असतो. ही उणीव पुढे भरून निघाली. 2003 मध्ये एन्रिके सेर्दा आणि एल. महादेवन यांनी ताणलेल्या पातळ पत्र्यावरच्या सुरकुतीच्या रुंदीचा एक सुटसुटीत नियम दिला. वाकण्याचा विरोध रुंद, सावकाश लाटा पसंत करतो. ताण मात्र उंच लाटा नापसंत करतो आणि त्यामुळे अरुंद, बुटक्या लाटांकडे ओढतो. दोहोंच्या तडजोडीतून रुंदी ठरते. ती सुरकुतीच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते आणि ताणाच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात घटते. म्हणजे सुरकुतीची रुंदी निम्मी करायची तर ताण 16 पट करावा लागतो. नुसते जोरात ओढून सुरकुत्या घालवण्याची कल्पना अंतराळात का टिकत नाही, हे या एका आकड्यातून स्पष्ट होते.

चौकोनी पडद्याचा सखोल अभ्यास केंब्रिजमध्ये वाँग आणि सर्जिओ पेल्लेग्रिनो यांनी केला आणि 2006 मध्ये तो तीन शोधनिबंधांत आला. प्रयोगासाठी त्यांनी कॅप्टॉनचा चौकोन चारही कोपऱ्यांना धरून ताणला. समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या दोन जोड्यांवरची ओढ जवळपास सारखी असेल तर कोपऱ्यांपाशी लहान, पंख्यासारख्या पसरलेल्या सुरकुत्या येतात आणि मधला भाग स्वच्छ राहतो. एका जोडीवरची ओढ दुसरीच्या सुमारे अडीचपट झाली की चित्र पालटते आणि कर्णाच्या दिशेने एक मोठी सुरकुती पडदाभर उभी राहते. हा निष्कर्ष रचनाकारांच्या फार कामाचा आहे. ओढीच्या एकूण प्रमाणाइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्व चार कोपऱ्यांवरच्या ओढीच्या समतोलाला आहे.

किती सुरकुत्या चालतील हे पडद्याच्या कामावर ठरते. सौरशिडाचे उदाहरण घ्यावे. पृथ्वीइतक्या अंतरावर सूर्यप्रकाशाचा दाब पूर्ण परावर्तक पृष्ठभागावरही दर चौरस मीटरला सुमारे 9 मायक्रोन्यूटन एवढाच भरतो. फिल्मचा एखादा तुकडा अपेक्षित दिशेपासून 5 अंशांनी कलला तर त्याचा उपयोगी जोर एक टक्क्याहूनही कमी घटतो. शिडाला सुरकुत्यांचा खरा धोका आहे तो वळणाऱ्या जोराचा. सुरकुत्या एका बाजूला जास्त असल्या तर प्रकाशदाबाचे केंद्र यानाच्या गुरुत्वमध्यापासून सरकते. एक मिलिन्यूटनचा जोर 10 सेंटिमीटर बाजूला सरकला की वळणाचा प्रभाव अगदी नगण्य वाटतो, पण अडवायला हवा नसल्यामुळे तो आठवडेच्या आठवडे साठत जातो आणि यानाला आपली दिशा टिकवण्यासाठी सतत इंधन किंवा फिरती चाके खर्ची घालावी लागतात.

जपानच्या इकारोस यानावर हा परिणाम प्रत्यक्ष दिसला. 21 मे 2010 रोजी अकात्सुकी या शुक्रयानाबरोबर तानेगाशिमाहून निघालेले इकारोस हे आंतरग्रहीय प्रवासात सौरशीड उघडणारे पहिले यान. शीड चौकोनी, 14 मीटर बाजूचे आणि 7.5 मायक्रोमीटर जाडीच्या पॉलिइमाइडचे होते. ते धरायला दांडे नव्हते. यान स्वतःभोवती फिरत होते आणि कोपऱ्यांवरची प्रत्येकी अर्ध्या किलोची वजने केंद्रोत्सारी जोराने शीड बाहेर ओढत होती. शिडावर त्याहून जाड सौरघट आणि दिशा-नियंत्रणाच्या द्रवस्फटिक पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. त्या जागी फिल्म किंचित कुरळी झाली. पृष्ठभागाच्या या असमानतेमुळे सूर्यप्रकाश शिडाला पवनचक्कीच्या पात्यांसारखा फिरवू लागला आणि यानाच्या फिरण्याचा वेग ठरवल्याबाहेर बदलत गेला. शीड व्यवस्थित उघडले होते आणि त्यावर 1.12 मिलिन्यूटनचा जोर मोजलाही गेला. तरीही शिडाचा आकार सपाट मानून केलेले भाकीत पुरेसे ठरले नाही.

दुर्बिणीच्या पडद्याची गरज निराळी असते. जेम्स वेब दुर्बिणीचा सूर्यरोधी पडदा पाच थरांचा, साधारण 21 मीटर लांब आणि 14 मीटर रुंद आहे. सूर्याकडचा पहिला थर 50 मायक्रोमीटर जाडीच्या कॅप्टॉनचा, बाकीचे चार 25 मायक्रोमीटरचे. थर एकमेकांपासून वेगळे राहतात, मध्यापाशी जवळ आणि कडेला दूर. त्यामुळे दोन थरांमध्ये अडकलेली उष्णता परावर्तित होत होत कडेने बाहेर अवकाशात निघून जाते. या पडद्याला काटेकोर सपाटपणा नको, थरांमधले अंतर राखले जायला हवे. एखादी मोठी सुरकुती शेजारच्या थराला टेकली तर उष्णतेला थेट वाट मिळेल आणि उणे 230 अंश सेल्सियसच्या आसपास ठेवायच्या बाजूवर ती पोहोचेल. 25 डिसेंबर 2021 ला प्रक्षेपण झाल्यावर, 3 आणि 4 जानेवारी 2022 या दोन दिवसांत पाचही थर एकेक करून ताणले गेले. पडदा उघडून ताणण्याच्या सगळ्या कामाला 8 मोटारी, सुमारे 400 कप्प्या आणि एकूण जवळपास 400 मीटर लांबीच्या 90 दोऱ्या लागल्या.

सर्वांत कडक मागणी अँटेनाची. 1966 मध्ये जॉन रूझ याने दिलेल्या सूत्रानुसार पृष्ठभागाचा सरासरी चढउतार तरंगलांबीच्या एक सोळांश झाला की झोताची शक्ती जवळजवळ निम्मी होते. तो एक पन्नासांशावर ठेवला तर तोटा सुमारे 6 टक्क्यांवर येतो. तरंगलांबी 24 सेंटिमीटर असेल तर जवळपास 5 मिलिमीटर चढउतार खपून जातो. तीच 1 सेंटिमीटर झाली की मर्यादा 0.2 मिलिमीटरवर उतरते, तीही अनेक मीटर रुंद पडद्यावर.

सुरकुत्यांवर मात करण्याचा पहिला मोठा धडा नासाच्या एको फुग्यांनी दिला. 12 ऑगस्ट 1960 रोजी सोडलेला एको 1 हा सुमारे 30 मीटर व्यासाचा, मुलामा दिलेल्या मायलार या पॉलिएस्टर फिल्मचा गोल होता. पृथ्वीवरून पाठवलेल्या रेडिओ लहरी तो परत पाठवी. आतला वायू हळूहळू निसटला की अशा फुग्याची त्वचा आकसते आणि परतणाऱ्या लहरी अस्थिर होतात. जानेवारी 1964 मधल्या 41 मीटरच्या एको 2 साठी म्हणून वेगळी फिल्म बनवली गेली: मध्ये मायलार, दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे. फुगा इतक्या दाबाने फुगवला की अ‍ॅल्युमिनियम लवचिकतेची मर्यादा ओलांडून कायमचे ताणले गेले. घड्यांच्या मोडी आणि सुरकुत्या त्या ताणात पुसल्या गेल्या आणि नंतर दाब नसतानाही फुगा आपला आकार राखू शकला. अत्यंत हुशारीचा हा उपाय आजही अभ्यासला जातो, पण धातूच्या पत्र्यांमुळे फिल्म जड होते, आणि बंद गोलाला जमणारी ही युक्ती उघड्या, सपाट पडद्याला सहज लागू पडत नाही.

सपाट पडद्याचा ताण दांड्यांवर येतो. पडदा जितका ताणावा, तितके त्याला धरणारे दांडे लांबीच्या दिशेने दाबले जातात, आणि लांब बारीक दांडा फार थोड्या दाबाला वाकतो. लांबी दुप्पट झाली की त्याची ही सहनशक्ती चौपट घटते. वाकू नये म्हणून दांडा जाड केला तर फिल्मने वाचवलेले वजन तिथे खर्च होते. एप्रिल 2024 मध्ये न्यूझीलंडहून सोडलेल्या नासाच्या एसीएस-3 या सौरशीड यानात संयुक्त पदार्थांचे 7 मीटर लांबीचे चार दांडे आहेत. ऑगस्टमध्ये सुमारे 80 चौरस मीटरचे शीड उघडले, तेव्हा एक दांडा किंचित वाकलेला आढळला. उघडताना दांडे आणि शीड यानाकडे ताणले जात असताना हे घडले असावे, असा नासाचा अंदाज आहे.

त्यामुळे रचनाकारांचे लक्ष पडद्याच्या कडेकडे गेले, आणि या विषयातली खरी कारागिरी तिथेच आहे. सरळ कडेच्या चौकोनाला कोपऱ्यांनी ओढले तर बाजूंच्या मध्याजवळचा भाग सैल राहतो. कड आत वळलेल्या कमानीसारखी कापली आणि तिच्यातून दोरी ओवली, तर दोरी ताणल्यावर सरळ होऊ पाहते आणि कमानीच्या प्रत्येक बिंदूवर फिल्मला बाहेर ओढते. कोपऱ्यातली एकवटलेली ओढ अशी संपूर्ण कडेवर वाटली जाते. दोरीतला ताण कमानीच्या त्रिज्येवर अवलंबून असतो. 10 मीटर बाजूच्या पडद्याची कड मध्यभागी 1 मीटर आत घेतली तर त्रिज्या 13 मीटर येते, म्हणजे फिल्मला मीटरमागे 1 न्यूटन ताण देण्यासाठी दोरीत 13 न्यूटन लागतात. कड अर्धा मीटरच आत घेतली तर 25 न्यूटन लागतात. उलट बाजूने पाहिले तर पहिल्या रचनेत पडद्याचे सुमारे 27 टक्के क्षेत्रफळ कापले जाते, दुसरीत 13 टक्के. हलके दांडे की मोठा पडदा, याची निवड इथे करावी लागते.

कमानीनेही प्रश्न पूर्ण सुटत नाही. दोरी आणि फिल्म तापमानाबरोबर वेगवेगळ्या प्रमाणात लांबतात, त्यामुळे ऊन-सावली बदलली की कडेपाशी पुन्हा तिरकी ओढ येते. यावर दोरी आणि मुख्य फिल्म यांच्या मध्ये एक मऊ पट्टा बसवतात. तो बाहेरच्या दिशेने ओढ पोहोचवतो, पण तिरक्या सरकण्याला जवळजवळ विरोध करत नाही. कोपऱ्यातला असमतोल या पट्ट्यातच जिरतो आणि आतल्या फिल्मपर्यंत पोहोचत नाही. हीच कल्पना पुढे नेऊन पडद्याभोवती दोऱ्यांचे जाळे गुंफायचा प्रस्तावही अभ्यासला गेला आहे. जाळे विस्कटले तरी आतला पडदा शांत राहतो, आणि पडदा थरथरू लागला तर ती कंपने जाळ्यातच शोषून घेता येतात.

चालू स्थितीत ओढ बदलण्याचे प्रयत्नही झाले आहेत. प्रयोगशाळांत कोपऱ्यांना निकेल-टायटॅनियमच्या, आकार लक्षात ठेवणाऱ्या मिश्रधातूच्या तारा बांधल्या गेल्या. विजेने तापवली की अशी तार आखडते आणि थंड झाली की सैल होते. पडद्याचा चढउतार मोजून कोणत्या कोपऱ्यावर किती ओढ हवी हे संगणक ठरवतो आणि तारा तसे करतात. पद्धत चालते, पण तारा संथ असतात, सतत वीज मागतात आणि त्यांची नियंत्रणयंत्रणा बिघडू शकते. फिरणाऱ्या शिडात हे काम वेगच करतो, मात्र ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे वेग निम्मा केला की ताण चौथ्या हिश्शावर येतो, आणि फार वेगाने फिरणारे शीड हवे तिकडे वळवणे कठीण होते.

मोडींवरचा उपाय घडी घालण्याच्या पद्धतीत शोधावा लागतो. जपानी अंतराळ अभियंता कोर्यो मिउरा याची तिरक्या नागमोडी घड्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. काटकोनी घड्यांत मोडीवर मोड येऊन त्यांच्या छेदबिंदूवर फिल्म फाटू शकते. मिउराच्या तिरक्या घड्या थोड्या सरकलेल्या असल्यामुळे मोडी एकावर एक येत नाहीत, आणि दोन टोके ओढली की पडदा एकाच हालचालीत उलगडतो. 1995 मध्ये सोडलेल्या जपानच्या स्पेस फ्लायर युनिट यानावर या घडीचा सौरपडदा उघडून पाहिला गेला.

हे सगळे जमिनीवर तपासणे अवघड आहे. 7.5 मायक्रोमीटर पॉलिइमाइडचे वजन दर चौरस मीटरला 10 ग्रॅमच्या आसपास असते, तरी पृथ्वीवर त्याला खाली ओढणारा जोर सौरदाबाच्या दहा हजारपट भरतो. प्रयोगशाळेत दिसणाऱ्या सुरकुत्यांत गुरुत्वाकर्षणाच्या किती आणि रचनेच्या किती, हे गणिताने वेगळे करावे लागते. मोजमापासाठी चकचकीत पृष्ठभागावर ठिपके लावून किंवा प्रकाशाचे ठिपके पाडून अनेक कोनांतून छायाचित्रे घेतात आणि त्यांवरून प्रत्येक ठिपक्याची उंची काढतात. अंतराळात हीच गरज इकारोसने वेगळ्या रीतीने भागवली: जून 2010 मध्ये त्याने दोन छोटे कॅमेरे यानातून सोडले आणि दूर जाताजाता त्यांनी उघडलेल्या शिडाची छायाचित्रे पाठवली.

सुरकुती काढून टाकण्याऐवजी तिचा परिणामच कमी करण्याचा मार्ग अलीकडे जास्त आशादायक ठरतो आहे. वाटीसारखा खोलगट पृष्ठभाग सपाट तुकड्यांपासून बनवताना कडेला सुरकुत्या हमखास येतात. त्याऐवजी पडदा सपाटच ठेवून त्यावर हजारो लहान धातूचे ठसे छापले, तर तेच ठसे लहरींना वळवून झोत एकत्र करतात. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने 32 गिगाहर्ट्झवर चालणारा असा 3 मीटरचा फुगवता येणारा अँटेना बनवला आणि त्याच्या पडद्याचा सपाटपणा 0.2 मिलिमीटरपर्यंत आणला. प्रकाशाच्या दुर्बिणींत याहून पुढचे पाऊल अमेरिकेच्या डार्पा संस्थेच्या मोइरे प्रकल्पाने टाकले. त्यात आरशाच्या जागी बारीक रेषांचे नक्षीकाम केलेली पारदर्शक फिल्म असते आणि प्रकाश तिच्यातून आरपार जाऊन केंद्रित होतो. आरशावरची सुरकुती प्रकाशाच्या वाटेत आपल्या उंचीच्या दुप्पट फरक पाडते. आरपार जाणाऱ्या प्रकाशाच्या बाबतीत फिल्म पुढे सरकली की अलीकडची वाट जितकी वाढते, पलीकडची जवळपास तितकीच घटते, म्हणून त्याच सुरकुतीचा परिणाम कितीतरी कमी होतो.